गारठ्याचा इशारा

बुधवार, १ डिसेंबर २०२१. दिवाळी होऊन महिना होत आला होता. आळंदीला माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्यासाठी वारकरी जमले होते. जुन्नर-आंबेगावच्या द्राक्षबागांत मण्यांनी आकार धरायला सुरुवात केली होती आणि कांद्याची रोपे लागणीच्या बेतात होती. त्या दिवशी पाऊस सुरू झाला तो थांबेचना. वळवाचा गडगडाट नाही, श्रावणातला ऊन-पावसाचा खेळ नाही. आभाळ खाली उतरलेले, दिवसाही संध्याकाळ असल्यासारखा उजेड, अंगात शिरणारा वारा आणि संततधार. अरबी समुद्रावर कमी दाबाचे क्षेत्र होते, त्याचा हा प्रताप. पावसाचा अंदाज हवामान खात्याने दिलेला होता. अंदाज चुकला अशी तक्रार करायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडले तेव्हा जुन्नर, आंबेगाव, शिरूर, खेड या तालुक्यांत आणि पलीकडे पारनेर-संगमनेरच्या बाजूला शेतांमधून मेंढ्या मरून पडल्या होत्या. एखाददुसरी नव्हे, शेकड्यांनी. ज्या शेतात रात्री वाडा बसला होता, त्याच शेतात चिखलात एकमेकींना चिकटून, माना टाकून पडलेल्या मेंढ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत आली. द्राक्षांचे काय झाले, कांद्याचे काय झाले, याच्या बातम्या पुढे आठवडाभर चालल्या आणि त्या चालायलाच हव्या होत्या. मेंढ्यांची बातमी दोन दिवसांत संपली.

मला त्या बातमीत एक गोष्ट खटकत राहिली. मेंढ्या 'थंडीने' मेल्या, असे सगळीकडे छापले होते. पण तापमापकाच्या हिशेबाने ती काही कडाक्याची थंडी नव्हतीच. आभाळ भरलेले असले की रात्री जमिनीची ऊब वर उडून जात नाही, म्हणून किमान तापमान उलट चढेच राहते. गडगडला होता तो दिवसाचा पारा. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करायची तर किमान तापमान दहा अंशांवर किंवा त्याखाली यावे लागते आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी घसरावे लागते. त्या रात्री असे काही घडले नव्हते. म्हणजे कागदोपत्री थंडीची लाट नाही, अतिवृष्टीने पूर आला म्हणावे तर तोही नाही, गारपीटही नाही. तरीही मेंढ्या गारठून मेल्या.

'गारठून' हा आपल्या भाषेतला शब्द इथे नीट पाहण्यासारखा आहे. थंडी वेगळी, गारवा वेगळा, कडाका वेगळा आणि गारठा वेगळा. पौषातल्या निरभ्र रात्री पडते ती थंडी. ती कोरडी असते, शेकोटीने आटोक्यात येते, घोंगडी पांघरली की बाहेरच राहते. गारठ्यात ओल असते. तो घोंगडीच्या आत येतो. आपल्या आज्या हा फरक बरोबर ओळखायच्या. भिजून आलेल्या पोराला त्या आधी कोरडे करायच्या आणि मग चुलीपाशी बसवायच्या. हवामानाच्या बातमीपत्रात मात्र गारठ्याला आकडा नाही. तिथे पाऊस मिलिमीटरमध्ये असतो आणि थंडी अंशांमध्ये, दोन वेगवेगळ्या रकान्यांत.

माझा एक भाचा कॅनडात ओटावाजवळ राहतो. हिवाळ्यात त्याच्या फोनवर अधूनमधून 'गोठत्या पावसाचा' इशारा येतो. हा प्रकार आपल्याकडे नाही. वरून पाणीच पडते, पण शून्याच्या खाली गेलेले. जमिनीला, फांदीला, विजेच्या तारेला ते लागले की त्याच क्षणी त्याचे बर्फ होते. तारेभोवती बर्फाचे जाड कवच चढत जाते, तार तुटते, खांब वाकतात. जानेवारी १९९८ मध्ये क्युबेक आणि ओंटारिओ प्रांतांत हा पाऊस पाच-सहा दिवस टिकला, तेव्हा विजेचे मोठमोठे पोलादी मनोरे कागदाच्या खेळण्यांसारखे दुमडले आणि ऐन हिवाळ्यात लाखो घरे अंधारात राहिली. भाचा म्हणतो, "मामा, बर्फ पडला तर आम्ही फावडे घेऊन बाहेर पडतो. गोठता पाऊस म्हटला की घरातच बसतो." इतके त्या दोन शब्दांत त्याला कळते.

जुन्नरचा पाऊस गोठत नाही. पण त्या रात्री मेंढीच्या अंगावर त्याने जे केले ते फारसे वेगळे नव्हते. मेंढीचे रक्षण लोकर करते म्हणजे लोकरीत अडकलेली कोरडी हवा करते. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मुळातच राठ, विरळ आणि थोडी. ती घोंगडीला चांगली. हे जनावर कमी पावसाच्या माळरानासाठी घडलेले आहे. तासन्‌तास पाऊस लागला की लोकरीतली हवा जाते आणि तिथे पाणी बसते. मग वारा सुटतो आणि ते पाणी वाळू लागते. एक लिटर पाणी वाळायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. तेच पाणी बर्फाच्या थंडपणापासून उकळीपर्यंत तापवायला शंभर पुरतात. ही उष्णता कुठून यायची? बरीचशी मेंढीच्या अंगातून. मेंढीच्या अंगाचे तापमान एकोणचाळीस अंशांच्या आसपास असते, आणि ते टिकवायला पोटात चारा लागतो. पावसामुळे दिवसभर चरणे झालेले नसते. त्यातून जिची लोकर नुकतीच कातरली आहे ती, गाभण आणि आठ-पंधरा दिवसांचे कोकरू, यांच्याजवळ शिल्लकच थोडी. बँकेच्या भाषेत सांगायचे तर जमा बंद आणि खर्च चौपट. पहाटेपर्यंत खाते रिकामे होते.

आता कुणी विचारेल, मेंढ्या उघड्यावर का होत्या? गोठा का नाही? शहरातल्या माणसाने विचारावा असा हा प्रश्न आहे, आणि तो रास्तही आहे.

धनगराचे वर्ष आपल्या उलट चालते. पावसाळ्याचे चार महिने तो घरी असतो, पूर्वेच्या कमी पावसाच्या माळावर. दसरा-दिवाळी झाली, माळ वाळला, की बिऱ्हाड घोड्यावर लादून तो पश्चिमेकडे निघतो. घोड्यावर पोरे, कोंबड्या, कुत्र्याची पिल्ले, भांडी, जाळे. पुढे मेंढरे आणि मागे बाई. गुंथर सोंथायमर हा जर्मन अभ्यासक आयुष्याची कितीतरी वर्षे या वाड्यांमागे हिंडला. धनगरांच्या ओव्या, खंडोबा-बिरोबा यांच्या कथा त्याने टिपून ठेवल्या, आणि हे हिंडणे म्हणजे भटकंती नसून त्याला ठरलेल्या वाटा आणि ठरलेले हंगाम आहेत, हेही त्याच्या लेखनातून दिसते. कुकडी, मीना आणि घोड नद्यांची खोरी या वाटांवर येतात. डिंभे, येडगाव, वडज, माणिकडोह ही धरणे झाल्यापासून इथे हिवाळ्यातही हिरवे असते. बाजरी, सोयाबीन निघालेल्या मोकळ्या रानात शेतकरी मेंढरे बसवून घेतो. रात्रीची लेंडी आणि मूत यांचे खत रानाला मिळते. बदल्यात धान्य किंवा रोख पैसे. दोघांच्या सोयीचा हा जुना करार, एका ओळीचाही कागद न करता चालत आलेला.

म्हणून मेंढी रात्री शेतात असते. तिथेच तिचे काम आहे. भोवती वाघर लावतात, म्हणजे जाळीचे कुंपण. जुन्नर-आंबेगावात या कुंपणाला आणखी एक कारण आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्या राहतो, पिढ्यान्‌पिढ्या उसातच वाढतो, आणि माणिकडोहला त्याच्यासाठी निवारा केंद्र उभारावे लागले आहे. बिबट्याच्या भीतीने कळप अधिक दाटीने कोंडावा लागतो. पावसात ही दाटी जिवावर येते. वाऱ्याकडे पाठ करून सगळी जनावरे एका कोपऱ्यात रेटत जातात आणि खालची कोकरे चेंगरतात. रात्रीच्या काळोखात शे-दीडशे भिजलेली जनावरे हलवायची कुठे? नवख्या गावात, चिखलातून, उसाच्या कडेने? आणि मेंढपाळाची स्वतःची बायकोपोरेही त्याच शेतात, पालाखाली असतात. त्या रात्री ती कशी काकडली असतील हे कुठल्या पंचनाम्यात येत नाही.

पंचनाम्यावरून आठवले. १९८८ च्या सुमारास मी जुन्नर तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. गायी, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांची कर्जे आम्ही उद्दिष्टे गाठण्यासाठी भराभर वाटत असू. दहा मेंढ्या आणि एक नर असा एक संच. प्रत्येक जनावराचा विमा, आणि विम्याची खूण म्हणून कानात धातूचा बिल्ला. जनावर मेले की बिल्ला कानासकट सादर करायचा. बिल्ला नाही तर भरपाई नाही, असा दंडक. एकदा माघात दोन दिवस पावसाची झड लागली. पुढच्या सोमवारी आमचा एक कर्जदार शाखेत आला. पन्नाशीचा, पागोटे, खांद्यावर घोंगडी. काउंटरवर त्याने फडक्यात बांधलेली पुरचुंडी ठेवली आणि सोडली. आत सात कान होते, बिल्ल्यांसकट. आमचे कॅशियर शाकाहारी आणि सोवळे. ते उठून मागे गेले ते अर्धा तास आले नाहीत.

नियमाप्रमाणे त्याने सगळे केले होते, एक सोडून. मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन मेले तिथल्या पशुवैद्याने करायचे असते. याच्या मेंढ्या दोन तालुक्यांच्या शिवेवर मेल्या होत्या. एका दवाखान्याने सांगितले, ती हद्द पलीकडची. पलीकडच्याने सांगितले, तुमचा राहता पत्ता आमच्यात नाही. तिसऱ्या दिवशी मेंढ्या पुरण्यावाचून इलाज नव्हता. मी विमा कंपनीला चार पत्रे लिहिली; भाषा दर पत्रागणिक कडक होत गेली. आठ महिन्यांनी चार मेंढ्यांचे पैसे आले, तिघींचे नामंजूर झाले. त्या माणसाने कर्ज मुदतीत फेडले. शाखेच्या थकबाकीच्या यादीत त्याचे नाव एकदाही लागले नाही, आणि त्याच यादीत त्या काळची किती मातब्बर नावे होती, ते मी इथे सांगत नाही.

आज भरपाईचे निकष बदलले आहेत, पण एक गोष्ट तशीच आहे. आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत शेळी-मेंढीमागे २०१५ पासून तीन हजार रुपये होते, २०२२ पासून चार हजार झाले. आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त तीस लहान जनावरांपर्यंतच मदत. बाजारात चांगल्या मेंढीला याच्या दुपटीहून अधिक किंमत पडते, हे सोडून देऊ. तीस हा आकडा दारात बांधलेल्या शेळ्यांचा विचार करून ठरला असावा. ज्याचे सगळे भांडवल शंभर मेंढ्यांत चालते-फिरते आहे, त्याच्या पन्नास एका रात्रीत गेल्या तर वीस मेंढ्या हिशेबातच येत नाहीत. शिवाय केंद्राच्या यादीत गारपीट आहे, थंडीची लाट आहे; अवेळी पाऊस महाराष्ट्राने आपल्या यादीत वेगळा घातला. गारठा अर्थातच कुठल्याच यादीत नाही.

पण भरपाई ही नंतरची गोष्ट. आधीची गोष्ट इशाऱ्याची.

पुण्याला शिवाजीनगरमध्ये हवामान खात्याची जी देखणी दगडी इमारत आहे तिला जुने पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण १९२८ मध्ये खात्याचे मुख्यालय शिमल्याहून इथे आले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, पण शेतीच्या हवामानाचा विभाग पुण्यातच राहिला. तो १९३२ चा. डॉ. एल. ए. रामदास हे त्याचे पहिले धुरीण. त्यांनी त्याच सुमारास एक नवलाची गोष्ट जगाला दाखवली : निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीला टेकलेली नसते, ती जमिनीपासून थोडी वर, वितीच्या अंतरावर असते. शास्त्रज्ञ तिला आजही रामदासांच्या नावाने ओळखतात. हवामानाच्या पेटीतला तापमापक मात्र असतो उभ्या माणसाच्या छातीइतका उंच. म्हणजे पौषातल्या रात्री वर्तमानपत्र जे किमान तापमान छापते, ते कोकराच्या नाकाशी असलेल्या हवेचे नसते. कोकराला दोन-चार अंश कमीच मिळतात.

दुसरीही एक गंमत. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातले नीचांकी तापमान निफाडचे म्हणून छापून येते. निफाडला थंडी आहेच, पण तिथल्या गहू संशोधन केंद्रात तापमापक आणि तो रोज पहाटे वाचणारा माणूसही आहे. ओतूरच्या खालच्या अंगाला पुष्पावतीच्या काठी किंवा घोडेगावच्या खोलात पहाटे काय असते, याची गावाबाहेर चर्चा होत नाही. खोऱ्याचा स्वभावच असा की रात्री डोंगरउतारावरची गार हवा पाण्यासारखी खाली वाहत येऊन नदीकाठी साचते. द्राक्षबागाईतदार हे ओळखून असतात; थंडी उतरली की बागेत शेकोट्या करतात, रात्री पाणी देतात, कारण ओली जमीन कोरड्या जमिनीपेक्षा ऊब धरून ठेवते.

द्राक्षवाल्यांबद्दल मला आदर आहे, आणि त्यांचे दुःख काही कमी नाही. फुलोऱ्यात पाऊस आला तर गळकूज, पानांवर केवडा. मणी भरल्यावर आला तर तडे. २०२३ च्या २६ नोव्हेंबरला नाशिक, नगर आणि पुणे जिल्ह्यांच्या पट्ट्यात गारा कोसळल्या, तेव्हा वर्षभराचा खर्च केलेल्या बागा काही मिनिटांत झोडपून निघाल्या. तरीही बागाईतदाराला इशारा वाचता येतो, कारण त्याच्या आणि इशाऱ्याच्या मध्ये माणसे आहेत. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे, औषधविक्रेता आहे, बागाईतदारांचे मोबाइलवरचे गट आहेत. आकाशात ढग दिसायच्या आधी 'कोणती फवारणी घ्यायची' हा संदेश शिवारभर फिरलेला असतो. शेतीचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा निघतो, तो पिकांच्या नावाने : कांदा, द्राक्ष, टोमॅटो, गहू. शेवटी जनावरांसाठी दोन ओळी असतात, बहुधा गोठ्यातल्या जनावरांसाठी. ज्याला गोठा नाही त्याने त्या वाचून काय करावे? हे सल्ले आणखी जवळून देता यावेत म्हणून देशभरात कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा हवामान कक्ष उघडले होते. २०२४ मध्ये ते बंद करण्यात आले. खर्चाचे कारण असेल. बँकेत असताना मीही शाखा बंद करण्याच्या टिपणांवर सह्या होताना पाहिल्या आहेत. टिपणात शाखेचा तोटा असतो, शाखेमुळे गावाचा टळलेला तोटा नसतो.

आणि आपला इशारा निघतो जिल्ह्याच्या नावाने. पिवळा, नारिंगी, लाल. पुणे जिल्हा म्हणजे एका टोकाला भीमाशंकर, जिथे पावसाळ्यात छत्री कोरडी होत नाही, आणि दुसऱ्या टोकाला शिरूर-बारामतीचा माळ. एकट्या जुन्नर तालुक्यात नाणेघाटापासून आणे पठारापर्यंत पावसाच्या तीन-चार तऱ्हा आहेत. पिवळ्या रंगात हे सगळे एकच होते.

डिसेंबर लागताना हवामान खाते फेब्रुवारीअखेरपर्यंतचे हिवाळ्याचे अनुमानही देते. देशाच्या नकाशावर कुठे किमान तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता, कुठे कमी. त्या नकाशावर जुन्नर मोहरीएवढेही नसते. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाने सांगायचे तर इथला हिवाळा असा : मार्गशीर्ष-पौषात उत्तरेकडचा वारा सुरू झाला की आठ-दहा दिवस कडक पहाटा, मग उत्तरेतून एखादा पश्चिमी झंझावात सरकला की आभाळ, थोडी ऊब, कधी पाऊस, आणि तो गेला की पुन्हा कडाका. गारांची खरी भीती फेब्रुवारीनंतर. यातला सगळ्यांत जिवावरचा काळ कुठला, हे ऐकणारा कोण आहे यावर ठरते. द्राक्षाला कडाका आणि पाऊस दोन्ही वाईट, गव्हाला कडाका चांगला. मेंढीला कडाका सोसतो. तिला भिजल्या अंगावरचा वारा सोसत नाही.

हे मी काही नवे सांगत नाही. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याचा खास मेंढपाळांसाठी असा एक इशाराच आहे. तापमान, वारा आणि पाऊस या तिघांचा एकत्र हिशेब करून तो काढतात. पारा शून्याच्या पुष्कळ वर असतानाही तो निघतो. आणि त्यात सरळ म्हटलेले असते की कोकरे आणि नुकत्या कातरलेल्या मेंढ्या धोक्यात आहेत. रेडिओवर तो बातम्यांबरोबर वाचला जातो. ऐकणाऱ्याला मिलिमीटर आणि अंश यांची बेरीज स्वतः करावी लागत नाही. त्यांचे कळप हजारोंचे, मालक श्रीमंत, लोकर जगभर विकली जाणारी. म्हणून त्यांना हे मिळाले, असे कुणी म्हणेल. असेलही. पण हिशेब करायला लागणाऱ्या तीनही गोष्टी शिमला ऑफिसातही रोज हाताशी असतात, आणि तिथून नारायणगाव नाशिक रस्त्याने फार तर पंचाहत्तर किलोमीटर आहे.

मेंढपाळापर्यंत तो पोचवायचा कसा, ही अडचणही आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. वाड्यावर मोबाइल आहे. घोड्याच्या पाठीवर लहानसा सौरदिवाही बांधलेला दिसतो. ज्या शेतात मेंढरे बसली आहेत त्या शेतकऱ्याला तर पक्के ठाऊक असते की आज रात्री आपल्या रानात कुणाचा वाडा आहे. इशाऱ्यात एक ओळ शेतकऱ्यासाठी घालता येईल : रानात मेंढरे असतील तर पॅकिंग शेड उघडी ठेवा, कांद्याची चाळ रिकामी असेल तर ती द्या, मंगल कार्यालयाची भिंत वाऱ्याच्या आड येत असेल तर तिथे जाऊ द्या. आळेफाट्याजवळच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदवले तो हाच, अशी लोकांची श्रद्धा. या मुलखात जनावराला समाधी बांधून शतकानुशतके फुले वाहतात. एका रात्रीसाठी शेड द्यायला इथले लोक नाही म्हणतील असे मला वाटत नाही; त्यांना वेळेवर कुणी सांगायला हवे इतकेच.

गेल्या हिवाळ्यात बेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. कांद्याच्या मोकळ्या रानात वाडा बसला होता. म्हातारा वाघरीच्या खुंट्या ठोकत होता, सून कोकरांना डालीखाली घालत होती. २०२१ मध्ये त्याच्या चाळीसच्या वर गेल्या. मी त्याला ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. तो हसला नाही, खुंटी ठोकून झाल्यावर त्याने विचारले, "त्यांचा सांगावा येतो कवा? सकाळचा का रातचा?"

ते मला माहीत नव्हते. तो म्हणाला, "पाऊस किती इंच, ते आमाला काय करायचंय? रातचा हाय का दिसाचा, आन्‌ वारं कंच्या अंगाचं, येवढं सांगा. पर दुपारच्या आत सांगा. अंधार पडला की मेंढरं हालत न्हाईत."